रविवारचे माळी

चेरीचे झाड म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम जपान उभा राहतो. वसंताच्या आगमनाबरोबर मोजके दिवस फुलणारी ती गुलाबी-पांढरी झाडे आणि त्यांखाली चटया अंथरून बसलेली कुटुंबे यांची चित्रे आपण दिनदर्शिकांवर पुष्कळदा पाहिलेली असतात. त्या मानाने एक गोष्ट आपल्याकडे फारशी पोचलेली नाही. चेरीच्या झाडांची राखण करणाऱ्या माणसासाठी जपानी भाषेत ‘साकुरामोरी’ असा स्वतंत्र शब्द आहे. फांदी केव्हा छाटावी, पोखरलेल्या बुंध्याचे काय करावे, वार्धक्याने झुकलेल्या झाडाला टेकू कोठे द्यावा, हे जाणणारा हा माणूस. बहर पाहण्यास लोटणाऱ्या गर्दीला तो बहुधा दिसत नाही.

या राखणीची गरज फार लवकर कळून येते. १९१० साली टोकियो शहराने वॉशिंग्टनला भेट म्हणून पाठविलेली २,००० चेरीची झाडे किडींनी व रोगांनी ग्रासलेली निघाली आणि ती जाळून टाकावी लागली. पुढे १९१२ साली ३,०२० नवी झाडे रवाना झाली. त्यांच्या बहराचा उत्सव आजही त्या शहरात होतो. परंतु २०२४ साली, झाडे ज्या जलाशयाच्या काठी आहेत त्याची खचलेली भिंत नव्याने बांधण्यासाठी सुमारे १४० चेरीची झाडे तोडावी लागली. एकदा लावले आणि शंभर वर्षांची निश्चिंती झाली, असे झाडांच्या बाबतीत घडत नाही.

आपल्या देशातही चेरी आहे. आयुर्वेदात ‘पद्मक’ या नावाने परिचित असलेला वृक्ष म्हणजे हिमालयातील रानचेरीच होय. शिलाँगच्या टेकड्यांवर तो शरद ऋतूच्या अखेरीस फुलतो. चेन्नईच्या उष्ण, दमट हवेत मात्र या कुळातील झाडांना हवी असलेली थंडी मिळणे अशक्य. तरीसुद्धा त्या शहराच्या दक्षिण भागात, गिंडी परिसरातील एखाद्या शाळकरी मुलास तुम्ही चेरीचे झाड विचारलेत, तर तो क्षणाचाही विलंब न लावता बोट दाखवील. भिंतीच्या कडेला, गटाराच्या काठी, रिकाम्या पडलेल्या भूखंडावर उभे असलेले ते झाड जपानी चेरीचे दूरचेही नातेवाईक नव्हे. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव ‘मुंटिंजिया कलाबुरा’. मूळ वतन उष्ण कटिबंधातील अमेरिका. व्यवहारात त्याला ‘सिंगापूर चेरी’ म्हणतात.

या झाडाच्या नावांचा मागोवा घेणे भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास विशेष सुखावह वाटते. तमिळमध्ये ते ‘तेन पळम’, म्हणजे मधाचे फळ. कानडी माणसाला त्याच्या फळातील असंख्य बारीक बियांवरून खसखस आठवली, म्हणून तेथे ते ‘गसगसे’चे झाड झाले. मराठीत ‘पांचारा’ असे नाव आढळते, परंतु आपली मुले सर्रास चेरीच म्हणतात. पानांखाली लोंबणारे वाटाण्याहून थोडे मोठे लाल फळ तोंडात टाकले की साखरेच्या पाकासारखी चव येते. पांढरे पाच पाकळ्यांचे फूल एका दिवसात गळून पडते. आडव्या पसरणाऱ्या फांद्यांमुळे झाडाला छत्रीचा आकार येतो आणि दोन-तीन वर्षांत माणूस उभा राहील एवढी सावली पडते. कोकिळा, फुलटोचे आणि रात्री वटवाघळे येऊन फळे खातात व बिया गावभर नेऊन टाकतात. हे झाड कोणी लावीत नाही. पाखरेच ते लावतात. त्याच्या सावलीत मात्र कोणी इस्त्रीची गाडी लावतो, कोणी चपला शिवावयास बसतो.

गिंडीत हे सारे घडावे यात एक मौज आहे. महानगराच्या पोटात उरलेले मूळ अरण्य येथेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारने येथील बंगला व भोवतीचे शिकारीचे रान विकत घेतले. त्या रानातून कालांतराने राजभवनाचे आवार, १९५६ साली उघडलेला गांधी मंडप, १९५९ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रविज्ञान संस्था, राजाजी व कामराज यांची स्मारके, असे एकेक तुकडे वेगळे होत गेले. जे उरले, त्यास १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा लाभला. क्षेत्रफळ अवघे २.७ चौरस किलोमीटरच्या आसपास. देशातील अगदी छोट्या राष्ट्रीय उद्यानांत त्याची गणना होते. चितळ आणि काळवीट तेथे आजही आहेत. पूर्व किनाऱ्यावरचे शुष्क सदाहरित अरण्य म्हणून वनशास्त्रज्ञांना या भूमीचे मोल आहे. कारण असे अरण्य आता फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे. कुंपणाच्या आत वनखाते आहे. कुंपणाबाहेरच्या झाडांना वाली कोण, हा खरा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाचे एक उत्तर गिंडीच्या शेजारी, कोट्टूरपुरम येथे अड्यार नदीच्या काठी पाहावयास मिळते. २००५ साली चेन्नईत ‘निळल’ नावाची संस्था स्थापन झाली. निळल म्हणजे सावली. शोभा मेनन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने २००६ सालापासून कोट्टूरपुरमच्या नदीकाठच्या सरकारी जमिनीवर काम आरंभिले. कचरा टाकण्याची आणि त्याहूनही घाण कामाची ती जागा होती. आज तेथे वृक्षोद्यान आहे. तमिळमध्ये त्याला ‘मरम् पूंगा’ म्हणतात. उद्यान या शब्दाने वाचकांच्या मनात हिरवळीचे चौकोन, कारंजे आणि ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी उभी राहिली असेल तर ती पुसून टाकावी. येथे भर आहे तो त्या मातीत पूर्वापार वाढणाऱ्या देशी झाडांवर. लावणी आणि निगराणी यांचा मोठा वाटा स्वयंसेवकांनी उचलला आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी, संगणक-व्यवसायातील नोकरदार, निवृत्त गृहस्थ, आईबापांबरोबर आलेली मुले, अशी सगळी मंडळी सुट्टीच्या सकाळी खुरपी आणि घमेली घेऊन राबताना दिसतात. पूर्वी आपल्याकडे अशा कामास श्रमदान म्हणत. तो शब्द अलीकडे थोडा मागे पडला आहे, वस्तू मात्र जिवंत आहे.

त्यांच्या कामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी प्रथम चेन्नईचे पंचांग समजून घ्यावे लागते. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तो जुलै महिन्यात. सह्याद्रीच्या छायेत राहणाऱ्या आपणांस हा काळ अगदी स्वाभाविक वाटतो. मृग बरसून गेलेला असतो, माती ओली असते, रोप जमिनीत ठेवले की पुढचे काम पाऊस करतो. चेन्नईत जुलै म्हणजे तापलेली माती आणि सायंकाळी आलीच तर एखादी सर. तेथे वर्षाकाठी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, परतीच्या वाऱ्यांबरोबर येतो. राष्ट्रीय सोहळ्याच्या मुहूर्तावर तेथे लावलेले रोप छायाचित्रापुरते टवटवीत असते. त्याला नियमाने पाणी घालणारा कोणी भेटला नाही तर आठवड्याभरात त्याची काडी होते. कागदोपत्री मात्र त्याची गणना झालेली असते.

म्हणून जाणती माणसे लावणी पावसाच्या तोंडावर करतात आणि खरे काम जानेवारीत सुरू झाले असे मानतात. पाऊस थांबतो, उन्हे चढू लागतात आणि पुढल्या मोठ्या पावसापर्यंत आठ-नऊ महिने रोपाला तग धरावयाचा असतो. आळे करावयाचे, तेही बुंध्याला चिकटून नव्हे तर थोडे अंतर राखून. पालापाचोळा जाळून न टाकता त्याचेच आच्छादन मातीवर अंथरावयाचे, म्हणजे ओल टिकते. पाणी रोज शिंपडण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने, पण भरपूर द्यावयाचे, म्हणजे मुळे ओलीच्या शोधात खाली उतरतात. वरवर शिंपडलेल्या पाण्यावर वाढलेल्या झाडाची मुळेही वरवरच राहतात. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी वेटोळे घालून बसलेली असतात. ती लावतानाच मोकळी करावी लागतात, नाहीतर पुढे झाड मोठे होऊनही जमिनीत पकड घेत नाही. आधाराच्या काठीला रोप करकचून आवळणे हाही असाच एक घातक लाड. वाऱ्याने थोडे हलले तरच खोड जाड होते. बांधलेली सुतळी वर्षा-दीड वर्षाने सोडावयाची आठवण कोणाला राहत नाही, आणि ती सुतळी खोडात रुतून बसते. असली बारीकसारीक कामे करण्यास समारंभाचे पाहुणे येत नाहीत. त्यासाठी दर आठवड्याला येणारी तीच ती माणसे लागतात.

मोठ्या झाडांची सेवा आणखी निराळी. शहरातील झाडांना खिळे ठोकून जाहिरातींच्या पाट्या लावलेल्या आपण सर्वत्र पाहतो: शिकवणीचे वर्ग, भाड्याच्या खोल्या, मूळव्याधीवरील उपाय. सालीच्या लगेच आत जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. झाडाची जाडी वाढविणारे सारे कार्य त्या थरातून चालते आणि पानांत तयार झालेले अन्न खाली मुळांकडे नेणारी वाटही सालीतूनच जाते. खिळा हा थर भेदतो. आपल्या कातडीची जखम भरून येते, तशी झाडाची येत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंत उभारते आणि वरून नवे लाकूड चढवून ती झाकते. आतील बिघाड तसाच राहतो. पाणी, बुरशी आणि वाळवी यांना अशी दारे वर्षानुवर्षे उघडी मिळाली म्हणजे बाहेरून धडधाकट दिसणारा बुंधा आतून पोकळ होत जातो. चेन्नईच्या रस्त्यांवर पक्कड आणि पहार घेऊन खिळे उपटण्याच्या मोहिमा निघाल्या, त्या या कारणासाठी. लाकडाने पूर्ण गिळलेला खिळा मात्र ओढून काढू नये, असा नियम आहे. काढण्याच्या खटपटीत जखम अधिक मोठी होते.

दुसरे संकट सिमेंटचे. पदपथाला फरशी घालताना कामगार बुंध्याला भिडवून ती घालतात, कारण त्याने काम नीटनेटके दिसते. झाडाची अन्नशोधक मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. गळ्याभोवतीचा हा फास तोडून किमान तीन-चार फुटांची मोकळी माती ठेवणे, हे स्वयंसेवकांचे मोठे काम होऊन बसले आहे. आणि ते महानगरपालिकेच्या परवानगीवाचून करता येत नाही. एकाने झाड मोकळे करावे आणि वर्षाने दुसऱ्या कंत्राटदाराने ते पुन्हा पुरावे, असा हा खेळ सगळ्याच शहरांत चालतो. त्यात चेन्नई एकटी नाही.

या साऱ्या सेवेची परीक्षा १२ डिसेंबर २०१६ रोजी झाली. त्या दिवशी दुपारी ‘वरदा’ नावाचे चक्रीवादळ चेन्नईजवळ किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे शहरातून गेले आणि सायंकाळपर्यंत हजारो झाडे रस्त्यांवर आडवी झाली. गिंडीच्या अरण्यातही मोठी पडझड झाली. त्याआधी बरोबर एक वर्षाने, डिसेंबर २०१५ च्या आरंभी, याच अड्यार नदीला महापूर येऊन कोट्टूरपुरम जलमय झाले होते. पूर ओसरला आणि भिंतीवरचे डाग राहिले. वादळ ओसरले तेव्हा रस्त्यांवरून सावलीच नाहीशी झालेली होती. पुढल्या मार्च-एप्रिलमध्ये बसथांब्यावर उभे राहणाऱ्यांना तिचा अर्थ कळला.

पडलेल्या झाडांकडे जाणकारांनी बारकाईने पाहिले. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष या बाहेरून आलेल्या, झटपट वाढणाऱ्या, ठिसूळ लाकडाच्या झाडांची हानी डोळ्यांत भरण्याजोगी होती. देशी झाडांपैकी अनेकांनी पाने आणि फांद्या गमावल्या, पण मुळे सोडली नाहीत. तथापि सारा दोष परदेशी कुळावर ढकलणे न्यायाचे होणार नाही. पडलेल्या कित्येक झाडांच्या मुळांचे एका अंगाचे गड्डे गटारे आणि तारा यांसाठी आधीच तोडलेले होते. कित्येकांचा शेंडा विजेच्या तारांसाठी एकाच बाजूने छाटलेला होता, त्यामुळे सारा भार दुसऱ्या बाजूस कललेला. असे झाड वादळात पडते तेव्हा वादळ केवळ निमित्त असते. दोष नोंदविताना मात्र सगळीकडे एकच नाव लिहिले जाते: वारा.

तेव्हा लावावे तरी काय? तमिळ देशाजवळ याचे एक जुने उत्तर आहे. तेथील प्रत्येक मोठ्या देवालयाचा एक स्थलवृक्ष असतो. मैलापूरच्या कपालीश्वराचा स्थलवृक्ष ‘पुन्नै’, म्हणजे आपल्या कोकणातील उंडी. गिंडीहून समुद्राकडे जाताना लागणाऱ्या तिरुवान्मियूरच्या मंदिरात शमी आहे. खेड्यांतून ‘कोविल काडु’ आहेत. आपल्या देवरायांची ती सख्खी भावंडे. या झाडांना ज्याने देवाजवळ आणून बसविले, त्याला समुद्राचा वारा आणि खारी हवा ही दोन्ही चांगली ठाऊक असली पाहिजेत. उंडी, करंज, कडुनिंब, जांभूळ, अर्जुन, भेंडीचे झाड, ताड ही नावे किनाऱ्यावरच्या कोणत्याही मराठी घरात अपरिचित नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वाचकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे, कारण चक्रीवादळ ही आता केवळ पूर्व किनाऱ्याची मिरास उरलेली नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या वाड्यांचे काय केले ते आपण पाहिले आहे.

मग गिंडीच्या त्या पोरक्या चेरीचे काय करावे? देशी झाडांचे काही आग्रही पुरस्कर्ते तिला तण मानतात. प्रस्तुत लेखकास हे मत कठोर वाटते. तिचे लाकूड ठिसूळ आहे, आयुष्य बेताचे आहे, मोठ्या वाऱ्यापुढे ती टिकावयाची नाही, हे सारे मान्य. पण दगडविटांच्या राड्यात, जेथे दुसरे काही रुजत नाही, तेथे ती रुजते. दोन वर्षांत माती झाकते. पाखरांना बोलावते आणि ती पाखरे इतर झाडांच्या बियाही आणून टाकतात. तिच्या सावलीत जांभळाचे किंवा करंजाचे रोप लावावे, ते खांद्याएवढे झाले की चेरीच्या फांद्या हळूहळू कमी कराव्यात. बाळ मोठे होईपर्यंत घरात दाई ठेवावी, त्यातलाच हा प्रकार. अरण्याच्या हद्दीजवळ मात्र तिला मोकळे रान देऊ नये, हेही तितकेच खरे.

स्वयंसेवकांच्या शक्तीला मर्यादा आहेत. त्यांना कोणाची करवत थांबविण्याचा अधिकार नाही. महाराष्ट्रात १९७५ सालापासून नागरी भागातील झाडांच्या जतनाचा स्वतंत्र कायदा आहे. त्यान्वये वृक्ष प्राधिकरण नेमावे लागते, झाडांची गणना करावी लागते, तोडण्यास परवानगी घ्यावी लागते. तो पाळला किती जातो याविषयी वाचकांचे अनुभव निरनिराळे असतील, परंतु तक्रार घेऊन जाण्यास एक दार तरी आहे. तमिळनाडूत डोंगरी भागांसाठी १९५५ चा कायदा होता. सपाटीवरील शहरांतील झाडांसाठी असा कायदा असावा, ही मागणी तेथील वृक्षप्रेमी दीर्घकाळ करीत आले. कायद्याअभावी त्यांनी दुसरा मार्ग धरला. रविवारी लोकांना घेऊन रस्त्यांवरून हिंडावयाचे, झाडांची ओळख करून द्यावयाची, मोजणी करावयाची. ज्या झाडाचे नाव आणि वय गल्लीतील दहा घरांना ठाऊक आहे, त्यावर कुऱ्हाड पडू लागली तर दहा खिडक्या उघडतात. हा उपाय कोणत्याही गावी, कोणत्याही वाड्यात, खर्चावाचून करता येण्याजोगा आहे. मुलांना घरापासून शाळेपर्यंतच्या झाडांची यादी करावयास सांगावे. वडीलधाऱ्यांनाही त्यातील निम्मी नावे ठाऊक नसतात असा अनुभव येईल, आणि मग सारे घर पुस्तके धुंडाळू लागेल.

गिंडीत सध्या झाडांसाठी नवी जागा मोकळी होण्याच्या वाटेवर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने तेथील घोडदौडीच्या विस्तीर्ण मैदानाचा जुना भाडेपट्टा रद्द केला आणि त्यातील ११८ एकर भूमी उद्यानासाठी उद्यानविद्या खात्याकडे सोपविण्याचे ठरविले. पुराचे पाणी साठविण्यासाठी त्याच आवारात तळीही खोदण्यात आली. प्रकरण न्यायालयात गेले. ते यथाकाल मिटेल. लावणीचा समारंभ झाला तर त्या दिवशी फावडी धरण्यास माणसांची वाण पडणार नाही. पाऊस सरल्यावर, जानेवारीच्या एखाद्या रविवारी सकाळी सहा वाजता, पाण्याची बादली घेऊन फाटकापाशी कोण उभे असेल, तेवढे अजून ठरावयाचे आहे.